किडे नसलेलं जंगल

डावा हात वर, पंजा उघडा, डोळे मिटलेले आणि उजव्या हाताचा अंगठा हेडफोनच्या कडेवर. चौकात गाड्या अडवणाऱ्या हवालदारासारखे काका बसायचे. त्यांचा हात वर गेला की आमच्या ओळीतल्या सगळ्यांनी बोलणं थांबवायचं, असा अलिखित नियम होता. पाच-सात सेकंदांनी हात खाली यायचा. "आहे," ते म्हणायचे. "लांब आहे, पण आहे."

मग आम्ही ध्वनिमुद्रणाचा तोच तुकडा आपापल्या हेडफोनवर लावायचो. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा आवाज वाढवून, श्वास धरून ऐकलं की सगळ्या गोंगाटाच्या तळाशी एक बारीकसं 'हू' सापडायचं. तेही खरंच सापडलं की सापडावंसं वाटतंय म्हणून सापडलं, याची खात्री नसायची. काका तोवर पुढच्या तुकड्यावर गेलेले असायचे.

आधी कामाचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी वेड्यांच्या इस्पितळाबद्दल बोलतेय. मलेशिया, बोर्निओ, थायलंड इथल्या जंगलांत अभ्यासक झाडांना छोट्या पेट्या बांधून ठेवतात. पेटी संध्याकाळपासून पहाटेपर्यंत जे ऐकू येईल ते टिपते. ते सगळं बंगलोरला, मारतहळ्ळीतल्या आमच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर येतं आणि आम्ही सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा त्यातली घुबडं शोधतो. कुठलं घुबड, किती वेळा बोललं, एकटं की जोडीनं. हे काम संगणकही करतो, पण त्याला बेडूक आणि घुबड यांतला फरक नीट कळत नाही, म्हणून त्याच्या मागे माणसं ठेवावी लागतात. खाली रिंगरोडवर कॅबवाले एकमेकांच्या नावानं शंख करत असतात आणि वर आम्ही काचा बंद करून बोर्निओतली रात्र ऐकतो. मी या ओळीची प्रमुख. मूळची नागपूरची. पोरगी इंजिनियर होऊन घुबडं मोजायला बंगलोरला गेली, हे माझ्या आईला नातेवाइकांत सांगवत नाही. ती 'डेटामध्ये आहे' एवढंच म्हणते.

काका आमच्याकडे आले ते शिडीवरून. ते आमच्या इमारतीच्या देखभालीचे सुपरवायझर होते आणि माझ्या टेबलावरचा एसी गळत होता. मी स्पीकरवर एक तुकडा लावून सगळ्यांना विचारत होते की हे घुबड एक आहे की दोन. अर्धे एक म्हणत होते, अर्धे 'सांगता येत नाही' म्हणत होते. वरून आवाज आला, "दोन आहेत. मागची बाई आहे."

"बाई कशावरून?" मी वर बघून विचारलं.

"तिचा सूर वरचा आहे. आणि त्याचं बोलणं संपायच्या आत ती सुरू करते."

ती बोर्निओतली मोठ्या घुबडांची जोडी होती. त्या जातीत मादी अंगानं मोठी असते, पण आवाज तिचाच वरचा असतो. हे मला दोन तास वाचून कळलं, काकांना शिडीवर कळलं होतं. महिनाभरात मी खटपट करून त्यांना आमच्या ओळीत आणलं. एसी अजून गळतो.

तसे ते निवृत्त माणूस. पीण्या या बंगलोरच्या कारखानदारी भागातल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं पत्रा ठोकायच्या प्रेसवर काढलेली. घरची मंडळी बंगलोरची कधीपासूनची, तर ते सांगायचे, "फौजेबरोबर आले आमचे लोक, तीन-चारशे वर्षं झाली. परत जायचं राहून गेलं." त्यांच्या मराठीत तेवढ्याच वर्षांचं कन्नड मुरलेलं होतं. थोडं म्हणजे स्वल्प, ठीक म्हणजे सरी, उगाच म्हणजे सुम्मने. वयानं मी त्यांच्या मुलीएवढी, पण मला ते अक्का म्हणायचे. मी काका म्हणायची. बाकीचे अंकल म्हणायचे, आणि ते सगळ्यांना ओ द्यायचे.

घुबडांची शास्त्रीय नावं त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली. वितीएवढं एक स्कॉप्स घुबड असतं, ते दर दहा सेकंदांनी एकदा 'हूप' म्हणतं आणि हे तासन्‌तास चालतं. त्याचं नाव टाइमकीपर. ओढ्याकाठी फांदीवर बसून मासे पकडणाऱ्या फिश आउलच्या पायांवर पिसं नसतात, पाण्यात भिजतील म्हणून. ते धोतर खोचलेलं. बे आउल बारीक उभ्या खोडाला आडवं बिलगून बसतं आणि चढत्या-उतरत्या शिट्ट्या घालतं. ते वॉचमन. आणि मुठीएवढं एक आउलेट आहे, दिवसाढवळ्याही बोलतं. त्याच्या मानेवर मागच्या बाजूला खोट्या डोळ्यांची नक्षी असते, मागून कुणी झडप घालू नये म्हणून. ते फोरमन. "आमच्या फोरमनलाही होते मागे डोळे," काका म्हणायचे. "पण खरे."

आमच्या तक्त्यात शेवटी शेऱ्याचा एक रकाना असतो. आम्ही तो रिकामा सोडायचो. काका भरायचे. 'टाइमकीपर आज थकलेला.' 'धोतरवाल्याला मासा मिळाला असावा, बोलायचा थांबला.' हे मी इंग्रजीत करून पुढे पाठवायची. एकदा तिकडच्या अभ्यासकांनी विचारलं की थकवा कसा मोजला. मी काकांना विचारलं.

"दहाच्या जागी चौदा सेकंदांनी बोलतोय," ते म्हणाले. "तासाभरापूर्वी पाऊस झालाय. भिजलाय तो."

तिकडून उत्तर आलं की शेरे चालू ठेवा.

या माणसानं उभ्या आयुष्यात एकही घुबड पाहिलेलं नव्हतं. मी एकदा फोटो दाखवायला गेले तर त्यांनी मान फिरवली. "नको अक्का. चेहरा बघितला की आवाज बदलतो." आवाजाचं चित्र दाखवणारी खिडकी असते आमच्या पडद्यावर, म्हणजे उंच आवाज वर, खर्जातला खाली, असा आलेख सरकत जातो. आम्ही सगळे त्या चित्रावर जगतो. काका ती खिडकी बंद ठेवायचे. चित्र बघून ऐकायचं तर कान कशाला, असं त्यांचं म्हणणं. नवीन आलेल्यांना मी हे वाक्य ऐकवायची आणि ते वहीत लिहून घ्यायचे.

आणखी एक गोष्ट ते वारंवार म्हणायचे. डबा उघडता उघडता, हेडफोन गळ्यात, एकदम खुशीत. "काय शांत जंगल आहे हो ते. आपल्या इथे कसला गोंधळ. तिथे सगळे गप्प आणि मध्येच एक घुबड." हे ऐकलं की मला स्वतःची लाज वाटायची. त्याच जंगलाच्या आवाजानं मला रोज चार वाजता डोकं दुखायचं आणि हा माणूस त्यात शांतता ऐकत होता. मला वाटायचं, याला म्हणतात साधना. मी घरी जाऊन दहा मिनिटं ध्यान करायला लागले. आठवडाभर केलं.

एका रविवारी त्यांनी मला शहराच्या दुसऱ्या टोकाला, यशवंतपूरला घरी जेवायला बोलावलं. बसमध्ये बसल्यापासून ताकीद दिली, "घरी घुबड शब्द काढू नका. तिला मी पक्ष्यांचं ऑफिस एवढंच सांगितलंय." मग स्वल्प थांबून म्हणाले, "आणि ती बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज गेला."

काकू दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "ये गं, उन्हाची आलीस." आवाज खरंच बसलेला होता, नुसता श्वास आणि त्यावर शब्द, पण मला सगळं कळलं. मी उत्तर दिलं. काका चपला काढत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. जेवताना काकूंनी विचारलं, सांबारात मीठ जास्त झालंय का. मी नाही म्हटलं. काका "सरी" म्हणाले. त्यांनी विचारलं, दही आणू का. काका "सरी" म्हणाले. त्यांनी विचारलं, मुलीचा फोन आला होता का. काका पुन्हा "सरी" म्हणाले आणि भात कालवायला लागले. जेवण झाल्यावर काका बाहेर पेपर घेऊन बसले. थोड्या वेळानं काकूंनी स्वयंपाकघरातून हात लांब करून बाहेरच्या खोलीतला पंखा बंद केला. काका लगेच उठून आत आले. मला कौतुकानं म्हणाले, "पंखा थांबला की समजायचं, बोलावतेय. तिनंच काढलीय युक्ती."

भांडी विसळताना काकू मला म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, हे माझ्याशी बोलतच नाहीत. विचारलं की सरी. सांगितलं की सरी. आवाज असा झाला ना माझा, कंटाळले असतील ऐकायला." नवऱ्याला बायकोचं ऐकू येत नाही, यात मला काही वेगळं दिसलं नाही. माझे वडीलही असेच आहेत, आणि त्यांचे कान ठणठणीत आहेत.

मग ते पत्र आलं. ज्यांच्यासाठी आम्ही काम करतो त्यांनी कळवलं की यापुढे ऐकणाऱ्या प्रत्येक माणसाची श्रवणचाचणी हवी. नियम रास्तच होता. मी सगळ्यांच्या वेळा ठरवल्या. काकांनी पहिली वेळ चुकवली, लग्न होतं. दुसरी चुकवली, पोट बिघडलं. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला तेव्हा म्हणाले, "माझ्या डोक्यावर गूबे बसवू नका, अक्का." गूबे म्हणजे कन्नडमध्ये घुबड, एखाद्यावर नसता आळ घेतला की तिथे असं म्हणतात. मी म्हटलं, काका, आळ कसला, कान तपासायचेत. घुबडं तर तुमच्या डोक्यावर केव्हाचीच बसलेली आहेत. त्यांना हसू आलं नाही.

शेवटी मी स्वतः त्यांना घेऊन गेले. तुम्ही ही चाचणी बघितली असेल. काचेच्या खोलीत बसवतात, हेडफोनवर सूर वाजवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. अर्ध्या तासानं तपासणाऱ्या बाई बाहेर आल्या आणि माझ्याकडे कागद धरून उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "यांना सगळं ऐकू येतं. इतकं की मी सूर वाजवला नव्हता तेव्हाही ऐकू आलं."

"म्हणजे?"

"माझी ओढणी घसरत होती. मी ती तीनदा सावरली. यांनी तिन्ही वेळा बटण दाबलं."

काका काचेआड खाली बघत बसले होते. पीण्यात दर वर्षी ही चाचणी व्हायची, त्यांनी नंतर सांगितलं. जो नापास होईल त्याला प्रेसवरून काढून झाडलोटीला लावायचे. म्हणून नवीन माणूस आला की पहिल्याच आठवड्यात जुने त्याला शिकवायचे: आवाजाची वाट बघू नकोस, काचेपलीकडच्या माणसाचा खांदा बघ. खांदा हलला की दाब. चौतीस वर्षांत सगळा कारखाना उत्तम गुणांनी पास झाला. "दुपट्टा नव्हता तिथे," काका म्हणाले. "तिथे सगळे शर्टवाले होते."

बाईंनी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि पुन्हा चाचणी घेतली. या वेळी कागदावरची रेघ डावीकडे नीट चालली आणि मध्येच दरीत पडल्यासारखी खाली गेली. खर्जातले सूर काकांना तरण्याबांड माणसासारखे ऐकू येत होते. वरचे सूर जवळजवळ नाहीतच. प्रेसच्या आवाजानं हे असंच होतं, बाई म्हणाल्या. वरचं आधी जातं.

मला काही सुधरेना. ज्याला निम्मं ऐकू येत नाही तो आमच्यातला सगळ्यात चांगला ऐकणारा कसा? दुसऱ्या दिवशी मी एक तुकडा काढला, आमच्या चौघांनी 'कचरा' म्हणून बाजूला टाकलेला आणि काकांनी सहा घुबडं लिहिलेला. त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली. "काका, या किड्यांच्या आवाजात तुम्हाला घुबड ऐकू कसं येतं?"

"किडे?" काका म्हणाले. "कुठले किडे?"

मी पडद्यावर ती चित्राची खिडकी उघडली. वरच्या बाजूला जाडजूड पट्टी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रातकिडे आणि झाडांवर किर्र करणारे ते मोठे किडे. रात्रभर एकही क्षण न थांबणारे. मी पट्टीवर बोट ठेवलं.

"ही?" ते म्हणाले. "ही कंपनीची डिझाइन आहे ना?"

म्हणून शांत जंगल. दोन वर्षं हा माणूस एका वेगळ्याच जंगलात जाऊन येत होता, जिथे एकही किडा नव्हता. घुबडं बोलतात खर्जात. आम्ही किड्यांच्या भिंतीतून कान घुसवून ती शोधत होतो आणि काकांच्या पुढे ती भिंतच नव्हती. मी हसले. खूप हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग बघितलं तर काका हसत नव्हते. ते त्या पट्टीकडे बघत होते.

"अक्का," ते म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात. तिचं बोलणं तुम्हाला कळत होतं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं, काका."

ते पुन्हा त्या वरच्या पट्टीकडे वळले; नुसत्या श्वासावर बोललेले शब्दही तिथेच, वरच्या सुरांत असतात. खाली कॅब वाजत होत्या, त्या तरी त्यांना ऐकू येत असाव्यात. मग म्हणाले, "मला वाटलं तिचा आवाज गेला. डॉक्टरही म्हणाले होते, आवाजावर परिणाम होईल. मी म्हटलं, झाला. ती ओठ हलवायची, मला वाटायचं बिचारी अजून प्रयत्न करतेय. तिला वाईट वाटू नये म्हणून सरी म्हणायचो." त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "काय म्हणाली ती तुम्हाला?"

मी खोटं बोलू शकले असते. मीठ, दही, मुलीचा फोन, एवढंच सांगून थांबता आलं असतं. पण मी सगळं सांगितलं. दोन वर्षं तुम्ही बोलत नाही असं त्यांना वाटतं, आवाजाला कंटाळलात असं वाटतं. सांगताना मला माझाच राग येत होता, कारण हे मला चार महिन्यांपूर्वी, भांडी विसळतानाच, माहीत झालं होतं. कुणाला काय ऐकू आलं ते रोज दिवसभर तपासत बसणारी मी, आणि हे दोन आणि दोन मला जोडता आले नव्हते.

काका त्या दिवशी लवकर घरी गेले.

मी मात्र एका गोष्टीच्या मागे लागले. त्यांची खुर्ची वाचवायची. मी गोंगाटाचे तुकडे निवडले, नावं झाकून आमच्या सगळ्यांकडून तपासून घेतले, काकांकडूनही, आणि निकाल तिकडे पाठवला. सोबत लांबलचक पत्र लिहिलं की बाबांनो, तुमच्या नियमाप्रमाणे हा माणूस नापास आहे आणि तुमच्या जंगलाप्रमाणे हा पहिला आहे. तीन आठवडे गेले. मग उत्तर आलं. त्यांना ठेवा. शिवाय विचारलं होतं की असे आणखी कोणी मिळतील का. मी नाचायचीच बाकी होते. पीण्याच्या फाटकावर उभं राहून भरती करायची का, असाही विचार मनात येऊन गेला.

त्या सकाळी काका उशिरा आले. दोन्ही कानांमागे छोटी राखाडी यंत्रं होती. पुण्याहून मुलगी आली होती, तिनं नेऊन बसवून आणली होती. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "स्वल्प थांबा. एकदा या यंत्रांनी ऐकू द्या."

हेडफोन यंत्रांवर शिट्टी मारत होता, म्हणून मी स्पीकर लावला. त्यांच्याच आवडीचा ओढ्याकाठचा तुकडा होता. किडे सुरू झाले आणि काका खुर्चीत मागे सरकले. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर. मिनिटभर ते नुसते स्पीकरकडे बघत राहिले.

"इतके जण आहेत तिथे?" ते म्हणाले.

"रोजच असतात, काका."

"आणि घुबड?"

"दोनदा बोललं. आत्ताच."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा लावलं, तेव्हा घुबड बोललं त्या क्षणी मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नाही. इतके दिवस त्यांना आम्ही कसे दिसत असू, ते मला तेव्हा समजलं.

आता तुम्ही म्हणाल, यात काय, ऑफिसात काढून ठेवायची, घरी लावायची. मीही तेच म्हटलं. महिनाभर तसं करून पाहिलं त्यांनी. पण कान तपासणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की यंत्रं उठल्यापासून झोपेपर्यंत हवीत. इतकी वर्षं न आलेले आवाज डोक्याला पुन्हा ओळखायला लागतात, त्याला सराव हवा. काका सकाळी सातला घर सोडायचे, रात्री आठला पोचायचे. उरलेल्या दोन तासांत यंत्रं लावली की काकूंचा आवाज यायचा, पण शब्द लागायचे नाहीत. "पत्र्यावर वाळू टाकल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. "ती बोलतेय एवढं कळतं. काय बोलतेय ते नाही." एकदा त्यांनी चुकून पुन्हा सरी म्हटलं. काकू उठून आत गेल्या.

त्यानंतरच्या सोमवारी त्यांनी राजीनामा दिला. कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि उभे राहिले. मी वाद घातला. इतका की मला आता सांगायला संकोच वाटतो. म्हटलं, काका, असा कान पुन्हा मिळणार नाही आम्हाला. तीन दिवस येत जा. दोन दिवस येत जा. शेवटी तर म्हटलं, घुबडांचं काय होईल?

"घुबडं बोलतील की," काका म्हणाले. "ती काय माझ्यासाठी बोलत होती?"

मी सही केली. जाताना त्यांनी सगळ्यांना एकेक केळं दिलं, घरच्या झाडाचं, आणि जिन्यानं खाली गेले. लिफ्ट बिघडली होती. देखभालीला नवा सुपरवायझर आला आहे, तो बरा आहे.

त्यांच्याशिवाय आमचं काम चालू आहे. 'कचरा' मात्र वाढला. शेऱ्याचा रकाना रिकामा जातो आणि तिकडून कुणी विचारतही नाही. पहिले काही दिवस मी एखादा अवघड तुकडा लागला की त्यांच्या खुर्चीकडे वळायची. ते आठवून मी स्वतःवर चिडते, आणि मग नुसतीच आठवण येते, तेव्हा चिडतही नाही.

पाचएक महिन्यांनी एका दुपारी न राहवून फोन केला. थायलंडच्या डोंगरातला तुकडा होता. आमच्यात एकमत होत नव्हतं. काकांनी लगेच उचलला. आवाज उत्साही. काकू कशा आहेत विचारलं तर म्हणाले, "भयंकर बोलते हो. दोन वर्षांचं साठलेलं." मी म्हटलं, काका, एकदाच ऐका ना, यंत्रं काढून, फोन कानाला लावून. ते सरी म्हणाले, खुडबुड झाली, आणि मी फोन स्पीकरजवळ धरला. तुकडा संपला. पुन्हा यंत्रं लावल्याची खुडबुड.

"नाही लागत, अक्का," ते म्हणाले. "कान तोच आहे, पण मी आता किड्यांची वाट बघत बसतो. सवय गेली."

मी म्हटलं, असू द्या, काका. मनापासून म्हटलं, समजूत घालायला नाही. तेवढ्यात ते म्हणाले, "स्वल्प थांबा. ती काहीतरी म्हणतेय."

मी फोन कानाशी घट्ट धरला. माझे कान चांगले आहेत, चाचणीचा कागद आहे माझ्याकडे. पलीकडे नुसती शांतता होती. मग काकांचा आवाज आला, फोनपासून दूर, खोलीच्या आतल्या बाजूला वळलेला. "हो, मिटवली खिडकी. नाही नाही, पाऊस कुठला येतोय." मध्ये थोडा वेळ गेला. "अगं, ते तुझ्या बहिणीचं लग्न नव्हतं. ते तिच्या नणंदेचं. मीच आणलं होतं ते पातेलं." पुन्हा थोडा वेळ. फोन बहुधा टेबलावर ठेवला गेला होता आणि मी त्यावर आहे हे ते विसरले होते. मी चार-पाच मिनिटं तशीच बसून राहिले. कामाच्या वेळेत, ओळीची प्रमुख असून. एकदा काका मोठ्यानं हसले.

त्या काय म्हणाल्या होत्या, ते मला काही ऐकू आलं नाही.